छोटा डेस्कटॉप घ्यावा की संगणक असेंबल करून घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचा, मोठ्या कॅबिनेटचा संगणक आहे. त्यावर विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आता नवा घेणे भाग आहे. मी भाषांतराची कामे करतो, एका संस्थेचे हिशेब लिहितो आणि गेल्या सहा महिन्यांपासून संस्थेच्या व्याख्यानांचे व्हिडिओही संपादित करू लागलो आहे. मुलगा म्हणतो, सुटे भाग निवडून असेंबल करून घ्या, म्हणजे पुढे हवे ते बदलता येईल. एका सहकाऱ्याकडे मात्र पुस्तकापेक्षाही लहान डेस्कटॉप आहे आणि तो चालू आहे की बंद, हेही कळत नाही इतका शांत आहे. माझ्या टेबलावर जागा थोडी आहे. संगणक सात-आठ वर्षे टिकावा, एवढीच अपेक्षा. काय घ्यावे?

उत्तर : तुमच्या मुलाचे म्हणणे आणि सहकाऱ्याचा अनुभव, दोन्ही खरे आहेत. तरीही त्यांपैकी एकाची बाजू घेण्याआधी एक काम करावे. सध्याचा संगणक नेमका कुठे अडतो, ते आठवडाभर पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स हे पान उघडे ठेवून नेहमीचे काम करावे. मेमरीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी, अपुरी आहे. मेमरी आणि प्रोसेसर निवांत असताना डिस्कचा आकडा शंभराला टेकत असेल, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. ही दुसरी स्थिती फार जणांच्या बाबतीत आढळते. अशी हार्ड डिस्क सलग फाइल वाचताना सेकंदाला साधारण शंभर ते दोनशे मेगाबाइट वाचते आणि विखुरलेल्या लहान फाइल वाचताना तर त्याहून कितीतरी मागे पडते. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क. जुन्या साटा जोडणीची साधी एसएसडी सुमारे साडेपाचशे मेगाबाइट वाचते आणि आजची, अधिक वेगवान एनव्हीएमई जोडणीची चौथ्या पिढीची एसएसडी सात हजारांपर्यंत जाते. त्यामुळे जुन्या संगणकावरून कोणत्याही नव्या संगणकाकडे गेले, तरी पहिले काही दिवस तो विलक्षण वेगवान वाटतो. त्या वेगाचे श्रेय बव्हंशी एसएसडीचे असते, महागड्या प्रोसेसरचे नव्हे, हे खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्यावे.

आता छोट्या डेस्कटॉपकडे वळू. ॲपलचा पहिला मॅक मिनी २००५ मध्ये आला, तेव्हा त्याची बाजू साडेसोळा सेंटिमीटर होती. २०२४ चा मॅक मिनी पावणेतेरा सेंटिमीटरपेक्षाही थोडा लहान चौरस आणि पाच सेंटिमीटर उंच आहे. इंटेलने नक या नावाने आणलेल्या यंत्रांत तळहातावर मावेल असा, सुमारे दहा सेंटिमीटर बाजूचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, होता. इंटेलने २०२३ मध्ये तो व्यवसाय सोडला आणि पुढे आसूसने तो चालू ठेवला. आज अनेक कंपन्या त्याच धर्तीचे मिनी पीसी बनवतात. यांतील बहुतेकांच्या पोटात लॅपटॉपचेच भाग असतात, आणि त्यांचे गुण व मर्यादा दोन्ही तिथूनच येतात. लॅपटॉपचे प्रोसेसर साधारणपणे १५, २८ किंवा ४५ वॅटच्या हिशेबाने घडवलेले असतात, तर मोठ्या कॅबिनेटमधले ६५ ते १२५ वॅटच्या. नावात मात्र हा फरक चटकन दिसत नाही. दोन यंत्रांवर एकाच मालिकेचे नाव छापलेले असते, परंतु क्रमांकाच्या शेवटी यू किंवा एच हे अक्षर असेल, तर तो लॅपटॉपचा प्रोसेसर आहे आणि के असेल, तर डेस्कटॉपचा. विक्रेत्याने सांगितलेल्या नावावर न थांबता तो पूर्ण क्रमांक मागून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

हा फरक कामात कुठे जाणवतो? पत्र उघडताना, हिशेबाचे कोष्टक चालवताना किंवा ब्राउझरमध्ये वीस पाने उघडताना तो जाणवत नाही, कारण ही कामे काही क्षणांची असतात आणि तेवढ्या क्षणांपुरता छोटा प्रोसेसरही पूर्ण वेगाने धावतो. तासभर चालणारा व्हिडिओ एक्स्पोर्ट, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे, ही गोष्ट वेगळी. पहिली काही मिनिटे सर्व सुरळीत चालते, मग त्या लहानशा पेटीत साठलेली उष्णता बाहेर जायला वाव उरत नाही, प्रोसेसर स्वतःचे रक्षण करण्यासाठी वेग कमी करतो आणि छोटा पंखा मोठ्याने घुमू लागतो. चांगल्या बनावटीच्या यंत्रात हे कमी घडते, स्वस्त यंत्रात फार. धूळ साचली, तर चांगल्या यंत्रातही घडते.

तीन वर्षे वापरलेला एक मिनी पीसी मी अलीकडेच उघडला. तळाच्या रबरी पायांखाली चार स्क्रू होते. झाकण उचलताना घाई करून चालत नाही, कारण झाकणात डिस्क बसवलेली असेल, तर तिची कागदासारखी पातळ पट्टी मदरबोर्डाला जोडलेली असते आणि झटका बसला की ती उपटून येते. आत बोटाएवढी एम-टू एसएसडी एका इवल्याशा स्क्रूने धरलेली, शेजारी रॅमच्या दोन पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या आणि पंख्याच्या तोंडाशी, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांमध्ये, धुळीचा राखाडी थर घोंगडीसारखा घट्ट बसलेला. तो थर मऊ ब्रशने काढल्यावर यंत्राचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. म्हणून छोटा डेस्कटॉप घेणाऱ्याने वर्षातून एकदा तरी तो उघडून स्वच्छ करावा किंवा करून घ्यावा.

त्या यंत्रातल्या रॅमच्या पट्ट्या निघत होत्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण सर्वच छोट्या यंत्रांत त्या निघत नाहीत. काहींमध्ये रॅम बोर्डावर डाखाने पक्की केलेली असते. २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरून काढलेल्या मॅक मिनीमध्ये ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते आणि नंतर वाढवण्याचा कोणताही मार्ग नसतो. यामागे केवळ कंपनीचा स्वार्थ आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील अंतर कमी झाले की माहिती अधिक वेगाने वाहते, आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय, प्रोसेसरमधल्या अंगच्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्राला त्याचा मोठा लाभ होतो. ग्राहकाला सुटे भाग बदलता यावेत यासाठीच नावाजलेल्या फ्रेमवर्क या कंपनीनेही २०२५ च्या आपल्या डेस्कटॉपमध्ये याच कारणासाठी मेमरी पक्की बसवली. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ एकच होतो. अशा यंत्राची रॅम पहिल्या दिवशी जेवढी घ्याल, तेवढीच शेवटच्या दिवसापर्यंत राहणार.

असेंबल केलेल्या संगणकाचा खरा फायदा असा, की त्याचे भाग वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात आणि जो थकला, तेवढाच बदलता येतो. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या कंपनीच्या एएम-फोर सॉकेटचे, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या जागेचे, उदाहरण द्यावेसे वाटते. २०१७ मध्ये ज्यांनी पहिल्या रायझेन प्रोसेसरसह मदरबोर्ड घेतला, त्यांच्यापैकी पुष्कळांना २०२२ मध्ये त्याच बोर्डाचे बायोस, म्हणजे त्यातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून रायझेन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षांनी केवळ एक भाग बदलून संगणक तरुण झाला. पण हे नेहमी घडेल, असे धरून चालू नये. सॉकेट बदलते, डीडीआर-४ या पिढीची रॅम पुढच्या डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, आणि मग प्रोसेसर बदलायचा म्हटले की मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागते. मागे उरतात ते कॅबिनेट, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी), एसएसडी आणि असल्यास ग्राफिक्स कार्ड. ‘पुढे वाढवू’ म्हणून मोठे कॅबिनेट घेतलेले आणि आठ वर्षांत त्याचे झाकणही न उघडलेले संगणक मी भरपूर पाहिले आहेत. त्यामुळे मुलाला एक प्रश्न अवश्य विचारा : पुढे नेमका कोणता भाग, कोणत्या कामासाठी बदलायचा आहे?

विजेचा मुद्दाही हिशेबात धरावा. साध्या कामाच्या वेळी चांगला छोटा डेस्कटॉप दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो, तर ग्राफिक्स कार्ड असलेला मोठा संगणक बहुधा पन्नास-साठ वॅट किंवा त्याहून अधिक घेतो. फरक पन्नास वॅटचा धरला आणि संगणक रोज आठ तास, वर्षातले तीनशे दिवस चालला, तर वर्षाला १२० युनिटचा फरक पडतो. वीज गेल्यावर त्याच यूपीएसवर छोटे यंत्र अधिक वेळ तग धरते, हा लाभ वेगळाच.

तुमच्या कामाचे स्वरूप ठरलेले आहे. व्याख्यानाचा व्हिडिओ म्हणजे बहुधा एका कॅमेऱ्याचे चित्रण, त्यातली काटछाट, आवाजाची दुरुस्ती आणि पाट्या. आजच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी आणि पुन्हा बांधण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो आणि एवढे काम तो सहज पेलतो. तेव्हा तुम्ही छोटा डेस्कटॉपच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रॅम ३२ जीबी घ्यावी आणि ती शक्यतो १६-१६ च्या दोन पट्ट्यांत असावी, कारण अंगचे ग्राफिक्स याच मेमरीवर चालते आणि दोन पट्ट्या असल्या की तिचा मार्ग दुप्पट रुंद होतो. एसएसडी एक टीबीची पुरे. संपलेल्या कामाचे चित्रण बाहेरच्या डिस्कवर ठेवावे आणि त्याची दुसरी प्रतही असावी. मॅक मिनीचा विचार असेल, तर आधी हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, याची खात्री करून घ्यावी. ते केवळ विंडोजसाठीच असेल, तर मॅक मिनी कितीही आवडला, तरी विंडोजवर चालणारा मिनी पीसी घेणेच शहाणपणाचे.

प्रश्न : माझी मुलगी थ्रीडी ॲनिमेशन शिकते आणि ब्लेंडर वापरते. आत्ता छोटा डेस्कटॉप घेऊन पुढे गरज पडली, तर बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडता येईल का?

उत्तर : काही यंत्रांना जोडता येईल, पण या मार्गाने जाऊ नये, असेच मी सुचवेन. बाहेरच्या कार्डासाठी थंडरबोल्ट किंवा तत्सम जोडणी लागते. थंडरबोल्ट ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट आहे, आणि मदरबोर्डाच्या खाचेत बसवलेल्या कार्डाला मिळणारा मार्ग त्याच्या कितीतरी पट रुंद असतो. शिवाय कार्डासाठी वेगळी पेटी आणि वेगळा वीजपुरवठा लागतो, म्हणजे वाचवलेली जागा पुन्हा व्यापली जाते. ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅकमध्ये तर अशी ग्राफिक्स कार्डे पडद्याच्या कामासाठी चालतच नाहीत.

तुमच्या मुलीसाठी संगणक असेंबल करून घ्यावा. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररला, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र तयार करणाऱ्या भागाला, ग्राफिक्स कार्डाचा मोठा आधार मिळतो, आणि दृश्यातील आकृत्या व पोत कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले नाहीत, तर काम अतिशय मंदावते किंवा अर्ध्यावर थांबते. म्हणून कार्ड निवडताना त्याच्या वेगाइतकेच मेमरीकडेही पाहावे. ८ जीबीवर शिकता येईल, तथापि १२ किंवा १६ जीबी असेल, तर अभ्यासक्रम संपल्यावरही ते उपयोगी राहील. प्रोसेसर मध्यम चालेल, कॅबिनेट साधे चालेल, रंगीत दिव्यांची काहीच गरज नाही. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नये. त्यावर ‘८० प्लस’ हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असावे आणि कार्डाच्या उत्पादकाने सांगितलेल्यापेक्षा थोडी अधिक क्षमता असावी, कारण हा एकच भाग बिघडताना इतरांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

जागेची अडचण असल्यास मिनी आयटीएक्स हा मधला मार्ग आहे. व्हियाने २००१ मध्ये आणलेल्या या मापाचा मदरबोर्ड सतरा सेंटिमीटर चौरस असतो आणि त्यावर पूर्ण आकाराच्या ग्राफिक्स कार्डासाठी एक खाच मिळते. मात्र कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि एसएमपीएसचे माप या तीन गोष्टी कॅबिनेटच्या पत्रकाशी मिलिमीटरपर्यंत जुळवून मगच खरेदी करावी. रॅमच्या खाचा बहुधा दोनच असतात, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : सुटे भाग आणून संगणक स्वतः जोडणे कितपत अवघड आहे? आणि वॉरंटीचे काय?

उत्तर : स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल आणि एक दिवस निवांत असेल, तर जोडणे अवघड नाही. मी पहिल्यांदा जोडलेल्या संगणकाचे पंखे फिरले, दिवे लागले, पण पडद्यावर काहीच येईना. दोन तास शोधल्यावर कळले, की रॅमची एक बाजू खाचेत पूर्ण बसलेली नव्हती. ती पट्टी दोन्ही कडांवर सारखा दाब देऊन ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवावी लागते. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावण्याऐवजी मदरबोर्डाला लावणे ही दुसरी नेहमीची चूक. प्रोसेसरसाठीची आठ टाचण्यांची वेगळी वायर जोडायची राहून जाणे ही तिसरी. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅम एवढ्यावरच तो एकदा चालू करून पाहिला, तर नंतरची बरीच शोधाशोध वाचते. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसेल, तर या चाचणीसाठी कार्डही लावावे लागेल.

वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते आणि तिच्या मुदतीही वेगळ्या असतात. चांगल्या एसएमपीएसची अनेकदा मदरबोर्डापेक्षा अधिक. छोट्या डेस्कटॉपचे तसे नसते. तिथे काहीही बिघडले, तरी संपूर्ण यंत्र एकाच ठिकाणी द्यायचे असते आणि त्याबरोबर आतली एसएसडीही जाते, म्हणून यंत्र देण्यापूर्वी आपल्या फाइल काढून घ्याव्यात. असेंबल केलेल्या संगणकात नेमका कोणता भाग बिघडला, हे आधी आपल्यालाच ओळखावे लागते, मगच तो परत करता येतो. त्यासाठी प्रत्येक भागाचे बिल आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी असलेले खोके जपून ठेवावे, आणि अनुक्रमांकांची छायाचित्रे भाग कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच काढून ठेवावीत. एकदा कार्ड आणि कूलर बसले की ते आकडे वाचता येत नाहीत.