समुद्राकाठच्या भुतांबद्दल लिहिताना

कोकणातल्या भुताच्या रहस्यकादंबरीचं परीक्षण कसं लिहायचं, हे तू विचारलंस म्हणून सांगतो. अशी कादंबरी वाचून झाली की 'भीती वाटली' एवढ्यावर थांबू नकोस, कुठल्या प्रसंगाला वाटली ते लिही.

मी आधी भरती-ओहोटी बघतो. भरती दिवसातून दोनदा येते, रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. लेखकाने अष्टमीच्या रात्री उधाणात प्रेत किनाऱ्याला लावलं, की पुढचं सगळं रहस्य माझ्यासाठी सैल पडतं. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेही ध्यानात ठेव.

लाटांवरचा निळा उजेड सूक्ष्म जीवांचा असतो. चांगला लेखक हे उलगडतो आणि तरी एक कोपरा काळोखात ठेवतो. तो कोपरा मला फार प्रिय आहे. त्याच्याबद्दल सावकाश लिही.

भुतांची नावंही नीट बघ. गिऱ्हा पाण्यातला, मुंजा पिंपळावरचा. आरवलीचा वेतोबा तर राखणदार देव, लोक त्याला चपला वाहतात. त्याला कुणी खलनायक केलं तर मला मनापासून खटकतं, आणि तसं मी लिहितो.

शेवट मात्र फोडू नकोस.