लहानपणीचा कॅसेटवाला टीव्ही गेम आता पुन्हा चालू होईल का? नव्या टीव्हीवर तो पूर्वीसारखाच खेळता येईल का?

प्रश्नात लिहिलंय की यंत्र वीस-पंचवीस वर्षं खोक्यात पडून होतं. नव्या टीव्हीला लावल्यावर एकाच रंगाचा कोरा पडदा येतो, कधीतरी चित्र आलंच तर विस्कटलेलं असतं, आणि बंदूक अजिबात चालत नाही. हे दुरुस्त होईल की फेकून द्यावं?

फेकू नका. ही यंत्रं सहसा मरत नाहीत. दहातल्या आठ वेळा दोष कॅसेटच्या पिनांत, अॅडॉप्टरमध्ये नाहीतर वायरीत असतो. बंदुकीचं प्रकरण मात्र वेगळं आहे, त्यात यंत्राचा काही दोष नाही.

आधी हातात काय आहे ते ओळखा. १९८३ मध्ये जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला, त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या. तोच १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस नावाने गेला तेव्हा पिना ७२ झाल्या आणि आत अस्सल कॅसेटच चालू देणारी कुलपाची चिप बसवली गेली. जगभर घरोघरी पोचलेले बहुतेक स्वस्त टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमच्या नकला. त्यांत ६० पिनांची खाच असते आणि कुलपाची चिप नसते. एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा मिचमिचत असेल तर ते कुलूप कॅसेट ओळखत नाहीये, म्हणजे पुन्हा पिनांचाच दोष.

सुरुवात अॅडॉप्टरपासून करा, कारण इथली चूक महागात पडते. बहुतेक नकलांना ९ व्होल्ट डीसी लागतो. अनेकांत पिनच्या मध्यभागी ऋण आणि बाहेर धन असतं, आजच्या बहुतेक अॅडॉप्टरच्या नेमकं उलट. घरात पडलेला १२ व्होल्टचा राउटरचा अॅडॉप्टर बसतोय म्हणून लावू नका. उलटी वीज अडवणारा डायोड स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा नसतोच. एनईएसचा मूळ अॅडॉप्टर तर एसी देतो. एनईएसच्या आत त्यासाठी ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, आहे, पण तोच अॅडॉप्टर फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळतो.

दिशा कशी कळायची? यंत्र उघडा आणि उष्णताशोषक पत्र्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा ७८०५ शोधा. हा ९ व्होल्टचे ५ करतो. त्याचा मधला पाय म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटर सलगता तपासायच्या खुणेवर ठेवा, एक काडी त्या पायाला आणि दुसरी यंत्रावरच्या अॅडॉप्टर लावायच्या जॅकच्या आतल्या पिनला लावा. वाजला तर मध्यभागी ऋण. बाहेरच्या पत्रीला लावल्यावर वाजला तर मध्यभागी धन. दोन्हीकडे वाजला नाही तर आत ब्रिज आहे, दिशेची फिकीर नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅडॉप्टरवर ९ लिहिलेलं असताना मीटर १२-१३ दाखवतो, त्याने घाबरू नका. भार पडला की तो खाली येतो. चालू यंत्रात ७८०५ च्या तिसऱ्या पायावर ४.८ ते ५.२ व्होल्ट मिळाले की वीजपुरवठा ठीक. चित्रावरून आडवे पट्टे सावकाश सरकत असतील किंवा आवाजात घुर्रघुर्र असेल तर जवळचा मोठा कपॅसिटर वाळलाय. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि ऋण पट्टीची बाजू लक्षात ठेवून डाग द्या (सोल्डर करा).

आता कॅसेट. फुंकर मारायची सवय सगळ्यांना असते. फुंकल्यावर चालायची, म्हणजे फुंकरच कामाची, असा सगळ्यांचा समज. खरं तर कॅसेट काढून पुन्हा घातल्याने पिना नव्या जागी टेकतात, काम होतं ते त्याने. फुंकरीतून तांब्यावर पडते ती वाफ आणि थुंकी, आणि आज दिसणारे हिरवट-काळे डाग बहुधा तिचेच.

साफ करायला ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कापसाची काडी भिजवा, दाबून जास्तीचं काढून टाका, आणि पिनांच्या लांबीच्या दिशेनेच घासा, आडवं नाही. कापूस काळा निघेल. काळा निघायचा थांबेपर्यंत काड्या बदलत राहा, एका कॅसेटला दोन्ही बाजू मिळून सहज दहा-बारा लागतात. दहा मिनिटं वाळू द्या. डाग तरीही हटत नसेल तर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुगा पुन्हा अल्कोहोलने पुसून घ्या. सँडपेपर, ब्लेड, भांडी घासायची तार यातलं काही नको, कारण वरचा मुलामा अगदी पातळ असतो आणि तो निघाला की खालचं तांबं महिनाभरात काळं पडतं. यंत्राच्या खाचेसाठी जुनं एटीएम कार्ड घ्या, त्यावर अल्कोहोलने ओलावलेलं सुती कापड एकदाच गुंडाळा आणि चार-पाच वेळा सरळ आत-बाहेर करा. जाड गुंडाळलं तर पिना फाकतात आणि मग कॅसेट हलवली की गेम अडकतो.

चित्र नेमकं कसं बिघडलंय ते नीट बघा, त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. या यंत्रात दोन वेगळे रस्ते आहेत. एकाने प्रोसेसर कॅसेटमधला प्रोग्राम वाचतो, दुसऱ्याने चित्राची चिप कॅसेटमधली चित्रं वाचते. पडदा एकाच रंगाचा कोरा राहत असेल तर प्रोग्रामच सुरू होत नाहीये. संगीत वाजतंय, बटण दाबल्यावर उडीचा आवाजही येतो, पण पडद्यावर ठिगळं आणि अक्षरांचा काला, तर प्रोसेसर ठणठणीत आहे आणि चित्राच्या बाजूची एखादी पिन टेकत नाहीये. प्रश्नातल्या वर्णनाप्रमाणे दोन्ही आलटून पालटून होतंय, म्हणजे चिप गेलेली नाही, पिना मळल्या आहेत. स्वस्त कॅसेटांत चिपऐवजी सर्किटच्या पट्टीवर काळ्या रंगाचा गोल गोळा दिसेल. त्याच्या आतला दोष दुरुस्त होत नाही, तो गेला तर गेला.

खेळायच्या रिमोटचं एखादं बटण जोरात दाबावं लागत असेल तर मागचे स्क्रू काढा. आतल्या रबराच्या टोपीखाली कार्बनचा काळा ठिपका असतो. सर्किटची पट्टी अल्कोहोलने पुसा, ठिपका मात्र कोरड्या कापडाने, नाहीतर कार्बन निघून येतो. ठिपका झिजलेलाच असेल तर चिकटवायचे तयार कार्बन ठिपके मिळतात. पेन्सिलचं शिसं घासूनही काम होतं, पण थोडेच दिवस. बटणं मधूनमधून चालत असतील तर वायर रिमोटमध्ये शिरते तिथेच आतून तुटलेली असते. त्यापुढे दोन-तीन सेंटिमीटर कापून पाचही तारा पुन्हा जोडा. रंगांवर विसंबू नका, नकलांत रंग वाटेल तसे असतात. कापण्याआधी कुठली तार कुठे जाते याचा फोटो काढा.

टीव्हीला जोडताना पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. नव्या टीव्हीवर पिवळं भोक दिसलं नाही तर हिरवं बघा, बऱ्याच टीव्हींवर दोन्हींसाठी एकच भोक असतं आणि सेटिंगमध्ये एव्ही निवडावं लागतं. न निवडल्यास चित्र काळं-पांढरं येतं. यंत्राला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत अॅनालॉग ट्यूनर हवा. यंत्र चालू ठेवून, कॅसेट घालून, आपोआप चॅनेल शोधायला लावा.

इथपर्यंत सगळं जमलं तरी गेम ‘तसा’ वाटणार नाही. माझ्या मते अर्धा गेम त्या डबा टीव्हीत होता. यंत्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं चित्र देतं आणि ट्यूबचा टीव्ही ते येईल तसं ओळीमागून ओळ रंगवतो, साठवत नाही. नवा टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात दोन-चार फ्रेम निघून जातात. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग, पण खड्ड्याच्या काठावरची उडी चुकायला तेवढं पुरतं. टीव्हीत गेम मोड असेल तर लावाच.

दुसरी गंमत लुकलुकणाऱ्या शत्रूंची. ही चिप एका ओळीत आठच हलती चित्रं काढू शकते. नववं आलं तर गेम पाळी लावतो, एका फ्रेममध्ये हा दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये तो. ट्यूबवर ते नुसतं लुकलुकतं. बरेच नवे टीव्ही मात्र या सिग्नलला जुन्या प्रक्षेपणासारखा समजून दोन-दोन फ्रेम जोडतात, त्यामुळे गोळी किंवा शत्रू जाळीदार दिसतो, कधी चक्क गायब होतो. स्वस्त एव्ही-ते-एचडीएमआय डबीही हेच करते. रेट्रोटिंकसारखे लाइन-डबलर, म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा काढून चित्र मोठं करणाऱ्या डब्या, ही चूक करत नाहीत.

बंदूक. ती काही फेकत नाही, ती नुसती बघते. आत भिंग आणि प्रकाश ओळखणारा डोळा. डक हंट या बदकं टिपायच्या गेममध्ये घोडा ओढला की गेम एक फ्रेम पूर्ण काळी करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. दोन बदकं असतील तर दुसऱ्याचा चौकोन त्याच्या पुढच्या फ्रेमला. डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला, आणि कितव्या फ्रेमला दिसला यावरून कुठलं बदक ते ठरतं. नव्या टीव्हीवर चौकोन उशिरा येतो, तोवर गेमने विचारणं बंद केलेलं असतं. शिवाय मूळ बंदुकीचं सर्किट ट्यूबच्या सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींच्या लुकलुकीलाच प्रतिसाद देतं. म्हणून कुठलंही सेटिंग बदला, बंदूक चालणार नाही. बंदुकीसाठी जुना टीव्ही शोधत असाल तर ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेला ट्यूबचा टीव्ही घेऊ नका, तोही चित्र साठवतो. संगणकाचा जुना मॉनिटरही उपयोगाचा नाही. आणि ट्यूबच्या टीव्हीची मागची बाजू स्वतः उघडू नका. बंद असतानाही आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

यंत्र खरंच गेलेलं निघालं तर संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे. पण तिथे अनेकांना वाटतं, गाणं घाईत वाजतंय, आपल्या वेळी एवढं जलद नव्हतं. हा आठवणीचा घोटाळा नाही. गेम ६० हर्ट्झसाठी लिहिलेले होते आणि ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकला तेच गेम सेकंदाला ५० फ्रेमने चालवत. सगळं सुमारे १७ टक्के सावकाश. प्रोसेसरचा वेग मात्र जवळपास तोच ठेवलेला, म्हणून सूर तोच आणि लय तेवढी मंद. तपासायचं असेल तर सुपर मारिओच्या पहिल्या पातळीत सुरुवातीलाच उभे राहा आणि घड्याळ लावा. वरचा आकडा दर २४ फ्रेमला एकाने कमी होतो. ४०० वरून ३०० वर यायला ४० सेकंद लागले तर ६० हर्ट्झ, ४८ लागले तर ५०. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये प्रदेशाच्या सेटिंगमध्ये ‘डेन्डी’ (५० हर्ट्झच्या नकलांसाठीचा पर्याय) निवडा, लहानपणीचा वेग परत येईल.

९९९९ गेमच्या कॅसेटबद्दलही विचारलंय. त्यात खरे गेम फार थोडे असतात, बाकीच्या ओळी तोच गेम पुढच्या पातळीपासून किंवा जास्त जिवांनिशी सुरू करतात. मारिओ अशा यादीत हमखास असायचा, कारण सगळा गेम ४० किलोबाइटचा: ३२ प्रोग्राम, ८ चित्रं. इतक्या काटकसरीने की ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, फक्त रंग वेगळे. एकदा बघितलं की पुन्हा न दिसणं अशक्य!

शेवटचं, कॅसेटमध्ये गेम जतन होत असेल, जसं झेल्डामध्ये, तर आत गोल बटण-सेल असतो, बहुधा सीआर२०३२. तो संपला की जतन केलेलं पुसलं जातं, आणि बदलतानाही पुसलं जाईल, हे धरूनच चाला. नव्या सेलला थेट डाग देऊ नका, तापून फुटू शकतो. पत्र्या जोडूनच मिळणारा सेल घ्या, आणि धन-ऋण छापलंय तसंच लावा. अशा कॅसेटचा खेळ थांबवताना रीसेट दाबून धरा आणि मग वीज बंद करा. वीज जाताना प्रोसेसर अर्धवट जागा असतो, तेव्हा जतन केलेल्या जागेत काहीही लिहून ठेवतो.