वाकळ माइकच्या मागं नको, तुझ्या पाठीमागं हवी

लेकरा,

तुझी आठही गाणी ऐकली. हेडफोनवर दोनदा आणि मोबाइलच्या स्पीकरवर एकदा. गाणी पक्की आहेत. रेकॉर्डिंग मात्र पुन्हा करावं लागेल, आणि ते तुझ्या अंबाजोगाईच्या घरातच कर. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत पैसे घालायची गरज नाही.

"लो-फाय आहे, चालतंय," असं तू लिहिलंस, म्हणजे कच्चा, जुन्या टेपसारखा आवाज मुद्दाम ठेवलाय. घोळ तिथंच आहे. खरखर, टेपची सरसर, दबलेला आवाज हे सगळं नंतर कधीही घालता येतं. पण फुटलेला आवाज, खोलीचा घुमारा आणि उतरलेली तार एकदा टेकमध्ये, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमध्ये, शिरली की निघत नाही. टास्कॅम कंपनीनं १९७९ साली कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा पोर्टास्टुडिओ काढला, त्यातसुद्धा टेप नेहमीच्या दुप्पट वेगानं पळायची, खरखर कमी यावी म्हणून. तेव्हा रेकॉर्डिंग स्वच्छ कर. मळवायचं ते मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, मळव.

पत्र्याची खोली सोड, माळवदाची मधली खोली घे. तिच्या मातीच्या जाड भिंती बाहेरचा ट्रॅक्टर आणि कडबा कुट्टी बऱ्यापैकी अडवतात. माइकच्या मागं वाकळ टांगलेली फोटोत दिसली. ती तिथं फारशी उपयोगाची नाही. गाण्याचा साधा माइक समोरून ऐकतो, पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. तुझा आवाज तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि माइक नेमका तिकडंच तोंड करून असतो. म्हणून दोन वाकळा दुहेरी करून स्वतःच्या पाठीमागं टांग, भिंतीपासून वीतभर सोडून. वाकळ वरचा चरचरीत आवाज खाते, खालचा घुमारा खात नाही. त्याला जाडी लागते. घरात कापूस साठवलेला असेल तर भरलेली बोचकी दोन कोपऱ्यांत माणसाच्या उंचीएवढी रच. एवढ्यानं फरक कानाला कळेल.

लाइट गेली की रेकॉर्डिंगला बस. फ्रिज, कूलर, शेजारची मोटर सगळं एकदम गप्प होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, दोन चॅनेलचा साधा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) यूएसबीवर चालतो. लाइट असताना गुणगुण आली तर आधी चार्जर काढून बघ. चार्जर काढल्यावर थांबली तर दोष बहुधा अर्थिंगचा आहे, माइकचा नाही. स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नकोस, त्याची भुणभुण गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागात) शिरते.

रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेव. गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ म्हणून गेन (माइकचा आवाज किती घ्यायचा ते बटण) लाव, आवाजाचा काटा उणे १२ ते उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नकोस. तुझं चौथं गाणं इथंच फुटलंय: गेन हळू आवाजाच्या कडव्यावर लावला आणि धृपद अंगावर आलं. माइक तोंडापासून वीतभर लांब, नाकाच्या उंचीला, खाली तोंडाकडं कललेला. आपल्या 'भ' आणि 'फ'चा वारा मग माइकच्या खालून निघून जातो.

गिटारचा माइक भोकासमोर लावू नकोस, तिथं नुसतं ढुम ढुम येतं. बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीसमोर), वीत-दीड वीत लांब, किंचित भोकाकडं वळवून लाव. तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदल, म्हणजे रात्रभरात ताणून बसतील. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला लागायला लागतात आणि पुढची फळी तडकू शकते. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती गिटारच्या पेटीत ठेव, आणि पेटी बंदच ठेव. पत्र्याखाली किंवा बंद गाडीत गिटार सोडलीस तर डिंक मऊ पडून ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उचलतो.

आता पाचवं गाणं, देवीच्या गोंधळाचं. त्यात सगळ्यात जास्त जीव आहे आणि सगळ्यात मोठी चूकही. संबळाची ती चाल सहा मात्रांत झुलते, तू तिच्याखाली चारचा रॉक बीट घातलास. म्हणून संबळ दर दोन ओळींनी घसरल्यासारखा वाटतो. वाजवणाऱ्याचा दोष नाही. ड्रमच सहात आण: किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या मात्रेवर, स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) चौथ्यावर. रॉकचा जोर तसाच राहील आणि संबळाला जागा मिळेल. संबळ गाण्यासोबत एका खोलीत घेऊ नकोस, तो सगळ्या माइकांत घुसतो. वेगळा घे, माइक किमान तीन-चार हात लांब. तुणतुण्याची तार तुझ्या 'सा'ला लावून घे आणि प्रत्येक टेकआधी तपास, ती हळूहळू उतरते. गोंधळ्यांचं मानधन त्याच दिवशी हातात दे आणि नावं अल्बमवर छाप.

आजीच्या ओव्या घ्यायच्या असतील तर तिच्यासमोर माइक धरून "म्हण" म्हणू नकोस. जातं मांड, मूठभर ज्वारी टाक. तिची लय दळण्याच्या हातात असते, हात थांबला की ओवीही अडखळते. माइक चेहऱ्याकडं ठेव, जात्याच्या पाळीकडं नको. तरीही जात्याची घरघर येईल, ती राहू दे. बाकी गाण्यांत गळ्याच्या ट्रॅकचं ८० हर्ट्झच्या खालचं (अगदी खर्जातलं) काप, इथलं कापू नकोस. लो-फाय म्हणतात ते हेच, निवडून ठेवलेला मळ.

कॅसेटची चव हवी असेल तर डेकचं हेड (टेप जिथं घासते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण मिक्स एकदम टेपवर घे आणि परत लॅपटॉपमध्ये आण. सुटे ट्रॅक पाठवू नकोस. टेपचा वेग थोडा डगमगतो, मग ते एकमेकांवर बसत नाहीत. शेवटचा आवाज उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण जोर मोजायचं माप) आसपास पुरे. त्याहून खूप जोरात दाबलास तर स्ट्रीमिंगवाले बहुतेक खालीच आणतात, आणि दाबलेलं ते दाबलेलंच राहतं.

हक्कांचं थोडक्यात: नाथांचं भारूड किंवा पारंपरिक ओवी कुणाचीही परवानगी न घेता गाता येते. पण कुणाच्या कॅसेटवरचा तुकडा उचलून लावलास तर त्या रेकॉर्डिंगचा मालक वेगळा असतो, त्याला विचारावंच लागेल. आपल्याकडं गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांवर हक्क राहतो.

सगळी आठ एकदम घेऊ नकोस. आधी तिसरं कर, नुसता गळा आणि गिटार. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न लावता, मिक्स न करता तशीच वेव्ह फाइल पाठव. सोबत काही न गाता घेतलेली त्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतताही पाठव. वाकळ किती काम करते ते गाण्यात कळेल, बाहेरचा आवाज किती येतो ते शांततेत.