सीआरपी वाढलंय, आता वडिलांचा हात सुधारणार नाही का?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आहे. नऊ दिवसांपूर्वी उजवा हात-पाय लुळा पडला. एमआरआयमध्ये ११ मिमीचा लॅक्युनर स्ट्रोक (मेंदूतल्या खोल, बारीक रक्तवाहिनीत अडथळा येऊन झालेला छोटा झटका) दिसला. दुसऱ्या दिवशी सीआरपी (शरीरातली सूज, म्हणजे दाह, दाखवणारं रक्तातलं प्रथिन) १.४ आलं, पाचव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये ९. सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून) एनएलआर ५ आहे. हे आकडे जास्त असले की सुधारणा कमी होते, असं वाचलं. दर महिन्याला तपासणी करावी का?

उत्तर : आधी रिपोर्टवरची एककं बघा. पहिल्या लॅबचा आकडा बहुधा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, दुसरीचा प्रति लिटरमध्ये. तसं असेल तर पहिल्याला दहाने गुणा : १४. म्हणजे सीआरपी १४ वरून ९ वर उतरलंय, वाढलेलं नाही. ही गफलत फार घरांना विनाकारण घाबरवते.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट; या दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी. ७५ टक्के आणि १५ टक्के असतील तर ५. स्टिरॉइड, ताप, नुसता शारीरिक ताण यांनीही तो चढतो. सीआरपी यकृतात तयार होतं, सहाएक तासांत वाढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं. त्यामुळे कोणत्या दिवशी रक्त घेतलं हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. एवढ्याशा इन्फार्क्टमुळे (रक्त न मिळाल्याने मेंदूचा मेलेला भाग) सीआरपी शंभरावर जात नाही. तसं झालं तर छातीचा एक्स-रे आणि लघवीची तपासणी हवी. गिळताना ठसका लागून अन्नपाणी फुप्फुसात जाणं हे नेहमीचं कारण. म्हणून गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये.

तुम्ही वाचलंत ते गटापुरतं खरं आहे. आकडे जास्त असलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती सरासरीने वाईट असते. पण त्यांच्यात वय, मधुमेह, धूम्रपान आणि सुरुवातीचा अशक्तपणाही जास्त असतो. एका माणसाचं भाकीत त्यावर करू नये.

हातासाठी याहून चांगली खूण फुकट मिळते. पहिल्या ७२ तासांत खांदा थोडा बाजूला उचलता आला आणि मिटलेली बोटं थोडी उघडता आली, तर सहा महिन्यांत हाताचा काहीतरी उपयोग परतण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के. दोन्हींपैकी एकही जमलं नाही, तरी सुमारे २५ टक्के. फिजिओथेरपिस्टच्या त्या दिवसांच्या नोंदी मागून घ्या. पायासाठी, आधाराशिवाय ३० सेकंद बसता येतं का आणि पायात थोडी ताकद आहे का, हे बघतात.

शरीरातली ही सूज (दाह) उतरवायला मनाने गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषधही उपयोगी पडलं नाही : चीनमधल्या चान्स-३ चाचणीत सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांना ते देऊन पाहिलं, तीन महिन्यांत पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण घटलं नाही (२०२४).

दर महिन्याच्या तपासणीचे पैसे आम्ही तरी बीपीच्या यंत्रावर खर्च करू. दंडाचं यंत्र घ्या, पाच मिनिटं बसवून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजा आणि वहीत लिहा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर वरचा आकडा १३० च्या खाली हवा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर बंद करू नका. सीआरपी पुन्हा बघायचंच असेल तर संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर दोन आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. हात-पाय अचानक आणखी लुळा पडला तर मात्र कुठलाही रिपोर्ट न बघता लगेच रुग्णालय गाठा.