'अकुशल'मधला कुश

'अकुशल कामगार म्हणजे नेमका कोण, आणि त्याला बिगारी म्हटलं तर चालेल का?' अशी विचारणा आली आहे.

सरकारी अर्थ सरळ आहे: ज्या कामाला आधी शिक्षण किंवा उमेदवारी लागत नाही, ते अकुशल. किमान वेतनाच्या तक्त्यात दर ठरवायला कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग पाडतात. 1977च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागात हक्क दिला, तोही अंगमेहनतीच्या अकुशल कामाचाच. विशेषण कामाचं, तेही दरापुरतं. ते उचलून माणसाला चिकटवतात, 'अकुशल लोकांचे लोंढे' असं बोलतात, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते.

मुळात 'कुशल' कोण? परंपरेने दिलेली फोड आहे 'कुशान् लाति', म्हणजे कुश, दर्भ, आणणारा. दर्भाची पात कडेने धारदार; हात न चिरता ती खुडून आणणं ज्याला साधलं, तो कुशल. काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात 'कर्मणि कुशलः', कामात निपुण, हे रूढीने झालेल्या लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सोडून जवळचा दुसरा अर्थ घेण्याचं, उदाहरण म्हणून दिलं. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने ते खोडून काढलं: व्युत्पत्ती हाच मुख्य अर्थ धरला तर 'गौः शेते', गाय झोपली आहे, इथेही लक्षणा मानावी लागेल, कारण 'गो' शब्द 'जाणे' या धातूवरून आलेला. विश्वनाथाचा तर्क बिनतोड, पण दृष्टी अपुरी. नैपुण्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा भाषेला गवत खुडणारा हात आठवला, ही केवढी मोठी गोष्ट त्याने सोडून दिली!

तोच हात आज ऊसतोडीला आहे. बीडकडून येणारा 'कोयता', म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. ऊस अगदी जमिनीलगत छाटायचा, कारण साखर बुडख्याकडे जास्त. वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, उडवायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. उसाची पातही दर्भासारखीच कातडी चिरते. या कामाला सर्रास अकुशल म्हणतात. कुशलची वरची फोड मानली, तर हा शब्दाचा शंभर टक्के उलटा वापर आहे.

राहिला बिगारी. बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखालच्याला तसं म्हणतात खरं, पण बिगार म्हणजे फुकट राबवून घेणं. 'मजूर' म्हणा. त्यात फारसी 'मुज्द' आहे, म्हणजे मोबदला.