तीन सेल लावण्याआधी बग्गी उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापरलेली 1/10 (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची), रिमोटवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह बग्गी घेतली आहे, आत 3300 केव्हीची सेन्सरलेस ब्रशलेस मोटर, 60 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) आणि दोन सेलचा लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). वळणात मागचा भाग सुटतो, एक मागचा आर्म (चाक चासिसला जोडणारा हात) तुटून झाला आहे. आता तीन सेलची बॅटरी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मचा संच एकदमच मागवायचा विचार आहे. माझं मत विचाराल तर यातलं काहीच आत्ता घेऊ नका.

आधी तीन सेलचं बघू. केव्ही म्हणजे ओझं नसताना दर व्होल्टला मिनिटाला होणारे फेरे. पूर्ण चार्ज झालेला दोन सेलचा पॅक 8.4 व्होल्टचा, म्हणजे साधारण 27,700 फेरे. तीन सेलचा 12.6 व्होल्टचा, म्हणजे 41,500च्या वर. स्पर गिअर (मोटर फिरवते तो मोठा गिअर) 70 दातांचा, पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर) 17चा आणि गिअरबॉक्सच्या आतलं प्रमाण 2.6 धरलं, तर मोटरच्या 10.7 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. 85 मिलिमीटर व्यासाच्या टायरवर कागदावरचा वेग दोन सेलवर ताशी 41 किलोमीटर येतो, तीन सेलवर 62. जमिनीवर दोन्ही कमीच भरतील, पण दीडपटीचा फरक साधारण तसाच राहील. वेग दीडपट झाला की धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते. मोटरच्या वाइंडिंगचंही तेच: करंट दीडपट गेला की उष्णता सव्वादोनपट. दोन सेलवर तुटलेला आर्म तीन सेलवर टिकेल कसा? शिवाय ईएससीचं लेबल नीट वाचा. काही ईएससी तीन सेल घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांच्यातही सेल वाढले की चालणाऱ्या मोटरच्या केव्हीची मर्यादा खाली येते.

आता खरा त्रास, मागचा भाग सुटण्याचा. पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारतो: डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना गाडी सारखीच सुटते का? एकाच बाजूला जास्त सुटत असेल तर चासिसला पीळ बसलाय किंवा मागचे दोन शॉक (शॉक अब्सॉर्बर) एकसारखे नाहीत. चाकं काढा आणि चासिस सपाट काचेवर ठेवा. कोपऱ्यांवर बोटाने दाबून बघा, एखादा कोपरा डुगडुगला तर पीळ आहे. बऱ्याचदा वरच्या डेकचे (चासिसवरच्या पट्टीचे) स्क्रू सैल करून, चासिस काचेवर दाबून धरून परत आवळले की तो निघून जातो.

दोन्हीकडे सारखीच सुटत असेल तर मागचं डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) तपासा. स्पर गिअर बोटाने धरून ठेवा आणि मागचं एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेला मऊपणे फिरलं पाहिजे. ते जवळपास जाम वाटलं, तर आधीच्या मालकाने डिफमध्ये घट्ट ग्रीस किंवा फार जाड तेल भरलेलं असणार. हे वापरलेल्या गाड्यांत सर्रास दिसतं, कारण जाम डिफने गाडी सरळ रेषेत छान पळते. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मात्र मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात आणि पकड एकदम सुटते. उलट, चाक काहीच अडवणूक न होता गरगर फिरलं तर तेल गळून गेलंय. डिफ उघडा, सगळं पुसून काढा, ओ-रिंग आणि गॅस्केट बघा, आणि सिलिकॉन तेल भरा. 1/10 फोर-व्हीलला सुरुवात म्हणून मागे 3000 ते 5000 सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं माप) आणि पुढे 7000 ते 10,000 सीएसटी. मागचं पुढच्यापेक्षा पातळ ठेवा. तेल काठोकाठ भरू नका, क्रॉस पिन (आतली आडवी पिन) जेमतेम बुडेल इतकंच, नाहीतर गरम झाल्यावर सील ढकलून बाहेर येतं.

डिफ ठीक निघालं तर मागचं चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. बहुतेक बग्ग्यांत मागच्या चाकांना 2 ते 3 अंश टो-इन (चाकांची पुढची बाजू आत कललेली) दिलेला असतो, आणि मागचा भाग ओळीत राहतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. हिंज पिनची (आर्म जिच्यावर वर-खाली होतो तिची) भोकं मोठी झाली असतील किंवा हबमधलं (चाकाचा आस धरणाऱ्या भागातलं) बेअरिंग सैल असेल, तर गाडी उभी असताना टो-इन दिसतो आणि वळणात भार आला की नाहीसा होतो. खेळ नेमका कुठे आहे ते शोधण्यासाठी एक बोट हबवर ठेवून चाक हलवा. हब स्थिर राहून चाक हलत असेल तर दोष बेअरिंगचा किंवा 12 मिलिमीटर हेक्सचा (चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी तुकड्याचा). हबही हलत असेल तर हिंज पिनचा. 1/10 गाड्यांत 5×11×4 आणि 10×15×4 ही बेअरिंगची मापं पुष्कळ ठिकाणी लागतात, तरी मागवण्याआधी मोजून घ्या. धुळीत चालवणार असाल तर रबर सीलची घ्या. कुठे प्लास्टिकचे किंवा पितळी बुश राहिले असतील तर ते सगळे बदलून बेअरिंग टाका. या एवढ्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही, आणि मोटरही थंड राहते.

शॉककडे मी सर्वांत जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या. आधी चारही शॉक खालून सोडवा आणि आर्म हाताने वर उचलून सोडून द्या. आर्म स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. अडकत अडकत आला तर पिन वाकलीय किंवा खाचेत माती बसलीय, आणि तोवर शॉकमध्ये कितीही उत्तम तेल घातलंत तरी उपयोग नाही. मग स्प्रिंग काढून शाफ्ट आत दाबा. सुरुवातीला थोडा रिकामा जातो आणि मग अडतो, किंवा आतून चुळचुळ आवाज येतो, याचा अर्थ आत हवा आहे. शाफ्ट काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर फिरताना लगेच कळतं. तसला शाफ्ट सील खात राहतो, सरळ करायच्या भानगडीत न पडता बदलून टाका.

भरण्याची पद्धत अशी: पिस्टन पूर्ण खाली ओढा, तेल जवळपास वरपर्यंत भरा आणि शाफ्ट अगदी सावकाश, पिस्टन तेलाच्या बाहेर येऊ न देता वर-खाली करा. पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. शॉक उभा ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, सगळे बुडबुडे फुटू द्या. रबरी डायफ्रॅम असेल तर तो एका कडेने टेकवत बसवा म्हणजे खाली हवा अडकणार नाही, आणि टोपी लावताना बाहेर पडणारं तेल पुसत जा. जोडी तयार झाली की दोन शॉकच्या शाफ्टची टोकं एकमेकांना टेकवून दोन्ही बाजूंनी दाबा. दोघेही बरोबरीने आत गेले पाहिजेत. एक आधी गेला तर तो परत उघडा. तेलाचा आकडा सीएसटीमध्येच बघा, कारण बाटलीवरचा ‘वेट’ कंपनीगणिक वेगळा निघतो. 350 ते 450 सीएसटी ही सुरुवातीला योग्य जागा. उन्हाळ्यात तेल पातळ पडतं, थंडीत घट्ट होतं, तेव्हा हवामान बदललं की एक पायरी वर-खाली करावी लागते.

गाडी परत जोडली की बॅटरीसकट हातभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा. चासिस जमिनीला हलकेच टेकून गाडी एका दमात स्थिरावली तर बसलं गणित. टणकन उडाली तर तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग जास्त कडक. दाणकन आपटून तशीच बसून राहिली तर उलट. उभी असताना मागचे ड्राइव्हशाफ्ट जमिनीला साधारण समांतर दिसावेत. तिथून राइड हाइट (चासिसची जमिनीपासूनची उंची) बारीक बारीक बदलत जा.

एवढं केल्यावर पैसे घालायचेच असतील तर पहिले टायर घ्या. टायरवरचे खडे (पकड देणारे रबरी उंचवटे) झिजून गोल झाले असतील तर बाकी काही करून उपयोग नाही. सैल मातीत उंच आणि विरळ खडे, टणक दाबलेल्या जमिनीवर आखूड आणि दाट. रबर जितकं मऊ तितकी पकड चांगली आणि झीज जलद. आतला फोम दाबून बघा. पाण्यात चालवलेल्या गाडीत तो कुजून गोळा झालेला सापडतो, आणि मग टायर वेगात फुगतो आणि गाडी थरथरते. टायर रिमला चारही बाजूंनी चिकटवलेला आहे ना, तेही ओढून पाहा. पुढे नवे आणि मागे जुने असं कधीही करू नका, मागचा भाग सुटण्याचं तेही एक अगदी साधं कारण असतं.

त्यानंतर सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. वापरलेल्या गाडीत प्लास्टिक गिअरचा सर्वो असेल तर त्याचा एखादा दात गेलेला असण्याची शक्यता धरूनच चाला. गाडी जमिनीवर उभी ठेवून चाकं पूर्ण वळवा. हवेत वळतात आणि जमिनीवर अर्धीच वळतात, असं असेल तर ताकद कमी आहे किंवा सर्वो सेव्हर (सर्वोला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा भाग) मऊ पडलाय. 1/10 बग्गीला 8 ते 10 किलो-सेंटिमीटरचा मेटल गिअर सर्वो पुरतो. फार मोठा सर्वो लावायचा मोह होतो, पण तो अडकला की बीईसीकडून (ईएससीतल्या, रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणाऱ्या भागाकडून) भरपूर करंट ओढतो. बीईसी 2-3 अँपिअरचाच असेल तर रिसीव्हरचा व्होल्टेज खाली पडतो आणि भर वेगात गाडी क्षणभर तुमचं ऐकत नाही. स्प्लाइनचे (सर्वोच्या दांड्यावरचे) दातही बघून घ्या, 23, 24 आणि 25 असे तीन प्रकार चालतात आणि एकाचं हॉर्न (दांड्यावर बसणारा छोटा हात) दुसऱ्याला बसत नाही.

आता तुमचे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म. दिसायला ते सुंदर असतात हे मान्य, पण आर्मचं काम थोडं वाकून परत जागेवर येणं हे आहे. नायलॉनचा आर्म धडकेत लवतो, आणि अगदीच झालं तर तुटतो, दहा मिनिटांत बदलता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा लवत नाही, त्यामुळे तोच धक्का पुढे हिंज पिनला, बल्कहेडला (आर्म जिथे जोडतात त्या भागाला) आणि शेवटी चासिसला जातो. किंवा आर्म अगदी थोडा वाकतो, नुसत्या नजरेला कळतही नाही, आणि तुम्ही आठवडाभर गाडी एका बाजूला का ओढते ते शोधत बसता. 1984 साली आलेल्या आरसी10 या बग्गीचा चासिस सोनेरी अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा होता, पण आर्म मात्र नायलॉनचेच ठेवले होते. आजही शर्यतीच्या बग्ग्या बघा, धातू कुठे वापरलाय आणि कुठे मुद्दाम टाळलाय ते दिसेल. धातू घ्यायचाच असेल तर शॉकच्या टोप्या, स्टिअरिंगचे बेलक्रँक (सर्वोची हालचाल चाकांकडे नेणारे तुकडे) आणि मोटर माउंट इथे घ्या. तिथे लवचीकपणा नको असतो, उलट माउंट लवला तर पिनियन-स्परची जुळणी बिघडते आणि स्परचे दात सोलून निघतात. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारं द्रव) लावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला नको, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतात.

बॅटरीबद्दल थोडक्यात. आधीच्या मालकाचा पॅक फुगलेला असेल तर तो वापरू नका, चार्जही करू नका. पूर्ण चार्जनंतर सेलमध्ये 0.05 व्होल्टपेक्षा जास्त फरक राहत असेल तर तो पॅक उतरणीला लागलाय. चार्ज बॅलन्स लावून 1सीने (बॅटरीच्या क्षमतेइतक्या करंटने), म्हणजे 5000 एमएएचला 5 अँपिअर. चार-आठ दिवस गाडी काढणार नसाल तर सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. ईएससीचा कटऑफ (व्होल्टेज फार खाली गेलं की मोटर थांबवणारी सोय) लायपोवर लावलेला आहे ना, हे मात्र आजच बघा. तो एनआयएमएचवर (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर) राहिला असेल तर पॅक खोलवर रिकामा होऊन मरतो. जुना पांढरा टामिया कनेक्टर असेल तर तो कापून एक्सटी60 लावा, ब्रशलेसच्या करंटला टामिया कनेक्टर तापून वितळतो.

हे सगळं झाल्यावरही तीन सेल हवेच असतील, आणि ईएससी ते घेत असेल, तर बॅटरीबरोबर लहान पिनियनही घ्या. 17च्या जागी 13 दातांचा लावला की एकूण प्रमाण 14 होतं आणि कागदावरचा वेग ताशी 47 किलोमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे आत्तापेक्षा जलद, पण मोटरवर ओझं बेताचं. पिनियन बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घालून दाबा, स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. ती चुरगळलेली यावी, फाटलेली नको. स्पर तीन-चार ठिकाणी फिरवून हेच परत करा, कारण तो नेहमी अगदी गोल असतोच असं नाही. मग तीन-चार मिनिटं चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरच्या डब्यावर धरा. 70 अंश सेल्सिअसच्या आत असेल तर पुढची फेरी थोडी लांब घ्या आणि परत मोजा. 80 ओलांडलं तर तिथेच थांबून मोटर थंड होऊ द्या आणि पिनियनचा आणखी एक दात कमी करा.