जमिनीचा पैसा आलाय? आधी सीए गाठ

भाऊ, नाशिकच्या मखमलाबादची जमीन बिल्डरला गेली, खात्यात पैसा आला, अभिनंदन. पण एवढ्यात फॉर्च्युनरच्या शोरूमकडे फिरकू नकोस. नवी गाडी दारात लागली की गंगापूर रोडवरचा प्रत्येक एजंट तुझा जिगरी दोस्त होतो.

आधी सीए गाठ. महापालिका हद्दीतली शेतजमीन विकली की भांडवली नफ्यावर कर लागतो. विक्रीआधीची 2 वर्षं ती कसत असशील आणि विकल्यावर 2 वर्षांत दुसरी शेतजमीन घेतलीस, तर त्यात घातलेल्या रकमेपुरती सूट मिळते. दिंडोरीकडे बघ. सातबारा, फेरफार मात्र वकिलाला दाखवून घे. गोड बोलणाऱ्या दलालाच्या झेरॉक्सवर जाऊ नकोस.

जास्त व्याजाच्या नादात सगळं पतसंस्थेत टाकू नकोस. बँकेतल्या ठेवीला दर बँकेमागे 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही.

क्लब, वायनरीतल्या पार्ट्या, होऊ दे हळूहळू. पिंपळगावचे जुने बागायतदार बघ: पायात साधी चप्पल, पण औषधाच्या दुकानात बिलाची ओळ न ओळ तपासतील.

आणि भावकीत कुणी उसने मागितले तर चेकनेच दे, लिहून घे. चुलते रुसतील. रुसू दे.